टाकीमागची बाजरी

शांतवनभाऊ भिंगारदिवे कुवेतच्या दक्षिणेला, वफ्राकडच्या एका मोठ्या शेतावर काकड्या आणि टोमॅटो पिकवतात. माणूस मूळचा राहुरीकडचा. वाळवंटात काकडी म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील, तर खाली आणा. हरितगृहात पाण्याच्या नळ्या फिरवल्या की तिथं सगळं येतं, आणि भाऊंचा हात लागला की जरा जास्तच येतं. पण त्यातली एकही काकडी भाऊंची नाही, सगळ्या मालकाच्या. हेच त्यांना वर्षानुवर्षं टोचत होतं.

का टोचत होतं, ते ऐका. भाऊ ख्रिस्ती घरातले, आणि त्यांची आई राहेलबाई म्हणजे भलती कडक बाई. खळ्यावर बाजरी मोजायला बसली की दहातली एक पायली चर्चची, आणि तीसुद्धा सगळ्यांत आधी बाजूला निघायची. घरात ओढाताण असो नाहीतर पाहुणे असोत. कोंबडीचं रविवारचं अंडं चर्चचं. गुऱ्हाळ लागलं की गुळाची एक ढेप चर्चची. त्या काळी सगळ्या ख्रिस्ती वस्तीची हीच रीत. पाळकसाहेबांची चूल आणि बोर्डिंगातल्या पोरांची ताटं या दशांशाच्या धान्यावरच चालायची. उपासनेला पाय बांधलेल्या कोंबड्या हजर असत, आणि ऐन प्रार्थनेत त्यांनाही काही ना काही बोलायचं असे! पुढं नोकऱ्या आल्या, पगार आले, आणि दशांश पाकिटात जाऊन बसला. धान्य उरलं ते फक्त वर्षातून एकदा, हंगामाच्या सणाला.

कुवेतमधली मराठी मंडळी हा सण शुक्रवारी करते, कारण इथं सुट्टी शुक्रवारची. लोक भक्तिभावानं वेदीपुढं फळं मांडतात, पण सगळी सुपरमार्केटातली. सफरचंदाचा स्टिकरसुद्धा कुणी काढत नाही. गेल्या साली तर एका महाभागानं मक्याचा बंद डबा आणून ठेवला. भाऊ तिथंच तडकले.

"आरं, डबा उघडायची चावी तरी आणायची! देव काय दातानं उघडणार हाय का?"

लोक हसले, भाऊ काही हसले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, की पुढच्या सणाला स्वतः पेरलेलं, स्वतः राखलेलं न्यायचं. म्हातारीच्या हातचं असायचं ना, तसंच. मालकाकडं त्यांनी पाण्याच्या टाकीमागचा पडीक कोपरा मागितला. मालकानं हसत हसत दिला. भाऊंनी गावाहून आणलेली बाजरी ऑगस्ट सरता सरता तिथं पेरली.

शेतावरचा त्यांचा जोडीदार नूरुद्दीन, बांगलादेशचा. खोली एक, चूल एक. त्यानं हिरवे कोंब पाहिले आणि नाक मुरडलं. "भाई, ये तो चिडिया का खाना है."

"भाकरी खाशील तवा बोल. देवाचा वाटा निघाला की पहिली भाकरी तुला," असं भाऊंनी त्याला सांगून ठेवलं.

चिमण्यांचं मत मात्र नूरुद्दीनसारखंच होतं. कणसात दाणा भरला तशा झुंडी उतरायला लागल्या. भाऊंनी सुतळीची गोफण वळली आणि नूरुद्दीनला शिकवली. त्याचे पहिले सगळे दगड टाकीवर ठाण ठाण वाजले. पण हात बसला, आणि मग गडी असा इरेला पेटला, की चहाचा पेला एका हातात आणि गोफण दुसऱ्या हातात. बाजरीला चिडियाचं खाणं म्हणायचं त्यानं सोडून दिलं.

सणाच्या आदल्या शुक्रवारी भाऊंना काही राहवेना. सगळ्यांना सांगायचं होतं ना! नवा सदरा घातला, कोपऱ्याचं फाटक नुसतं ढकललं आणि धावत गाडी गाठली. उपासनेनंतर छाती पुढं काढून त्यांनी जाहीर करून टाकलं, की येत्या सणाला वेदीपुढं बाजरीची कणसं येणार, घरची. टाळ्या पडल्या. आणि इकडं नूरुद्दीन जुम्म्याच्या नमाजाला गेलेला, तेवढ्यात घाईत न लावलेल्या फाटकातून मालकाची मेंढरं आत शिरली.

भाऊ परतले तेव्हा मेंढरं सावलीत निवांत रवंथ करत होती. कोपऱ्यात नुसती चघळलेली धाटं.  भाऊंना रडू आलं, आणि लाजही वाटली. आता कुठल्या तोंडानं जायचं? दुकानातली सफरचंदं घेऊन?

नूरुद्दीन टाकीच्या खाली वाकून वाकून शोधत होता. भिंतीच्या सांदीत मेंढरांचं तोंड पोचलं नव्हतं. तिथून त्यानं एक छोटी पेंढी कापून आणली. "भाई, दस में से एक हिस्सा बचा होगा."

भाऊंनी पेंढीकडं पाहिलं, मेंढरांकडं पाहिलं, आणि एकदम खदखदा हसायला लागले. "नऊ वाटे यांनी नेले रं! दहावा शाबूत हाय. चर्चचा!"

"और अपनी भाकरी, भाई? थोडी तो रखो."

"न्हाय. देवाचा वाटा आधी." बोलले खरं, पण दिलेला शब्द मोडला म्हणून त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

सणाला स्टिकरवाल्या सफरचंदांच्या मधोमध ती पेंढी उभी राहिली. लोकांनी तिला हात लावून पाहिला, वास घेतला. मग वेदीपुढच्या वस्तूंचा लिलाव, पैसा चर्चला. रीत अशी, की बोली जिंकणाऱ्यानं वस्तू चर्चला परत द्यायची आणि ती पुन्हा पुकारायची. बाजरी हातोहात फिरत राहिली. शेवटी त्रिभुवन सिस्टरनी ती जिंकली. या सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्स, जालन्याच्या. त्यांनी पेंढी पोटाशी धरली. "परत बिरत काही देणार नाही, जा!"

पुढच्या शुक्रवारी सिस्टरनी भाऊंच्या हातात एक कापडी पुरचुंडी ठेवली. तेवढ्याशा दाण्यांची झाली ती एकुलती एक भाकरी आणि वर ठेचा.

भाऊ दोन पावलं मागं सरकले. "न्हाय सिस्टर. देवाच्या वाट्याला आमच्या घरात हात लावत न्हाईत."

"देवाचा होता तो मागच्या शुक्रवारी. मी बोली लावून घेतला, आता माझा आहे. आणि माझी भाकरी मी कुणाला वाढायची, हे तू मला शिकवणार?"

 भाऊंनी पुरचुंडी तशीच बांधलेली घेऊन गाडी गाठली. वफ्राला पोचेपर्यंत गाठसुद्धा सोडली नाही. टाकीच्या सावलीत नूरुद्दीनला बसवलं, भाकरी मधोमध मोडली आणि मोठा तुकडा त्याच्यापुढं धरला.

नूरुद्दीननं घास घेतला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, भाऊंच्या डोळ्यांना ठेचा न खाताच. 

मग नूरुद्दीन बोटं चाटत म्हणाला, "भाई, अगले साल फाटक मैं बंद करूंगा."