फुगलेली पुरी

आमच्या बडोद्याच्या लॅबमधले सर फुगलेली पुरी कधी फोडत नसत. ती आपोआप बसेपर्यंत बघत राहत. माझं जेवण तोवर उरकलेलं असे. कामही तसंच: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा भट्टीत तापवायचा आणि गॅसच्या मंद दाबानं तासभर फुगवत न्यायचा. कुणी घाई केली की गुजरातीत म्हणत, घाईनं आंबे पिकत नाहीत: “उतावळे आंबा न पाके.”

नव्वदच्या दशकात एका नव्या कंपनीचा माणूस चाचणी बघायला आला. त्या कंपनीचं काम मिळालं तरच आमची भट्टी चालू राहणार होती. तो सारखा म्हणे, “साहेब, जरा जल्दी करो ने.”

शेवटी सरांनी गॅस एकदम पूर्ण दाबानं सोडला. पत्रा फाटला.

“झालं जल्दी,” सर शांतपणे म्हणाले.

दुपारी कॅन्टीनमध्ये पुरी आली. सरांनी ताट ओढलं आणि तिच्यात बोट खुपसलं.