चौथ्या कोपऱ्यातला चौकोन

मंडळी, आज माझी आई पाहुण्यांसमोर भिंतीवरची फ्रेम उघडून सुई घेऊन बसली. मला तिचा इतका अभिमान वाटला की लिहिल्याशिवाय राहवेना.

माणमधल्या आमच्या घरी आज ताईच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच आली. भोवती उंच इमारतींचे टॉवर झाल्यापासून घरात नेटवर्क येत नाही, त्यामुळे आलेला प्रत्येकजण वायफायचा पासवर्ड मागतो. आईला इंग्रजी अक्षरं सांगता येत नाहीत, तिला त्याची लाज वाटायची. मग मी क्यूआर कोड छापून दिला. तिने तो 'सुस्वागतम' भरतात तसा मॅटीच्या कापडावर काळ्या दोऱ्याने भरला. महिनाभर, टाका टाका मोजत.

फ्रेम आज सकाळीच टांगली, तपासायचं राहिलं. व्याह्यांनी मोबाईल धरला तर कोड स्कॅनच होईना. ताईचा चेहरा उतरला.

मी छापील कागद शेजारी धरून पाहिलं. कोडात मोठे चौकोन तीनच कोपऱ्यांत असतात. आईने चौथ्यातही भरला होता.

"मोकळा कोपरा बरा दिसंना," आई म्हणाली. "थांबा, उसवते."

चहा होईस्तोवर तिने कागदात बघून तो कोपरा नव्याने भरला. फोन लगेच जोडला गेला.

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या फ्लॅटसाठी पण एक कराल?"

"करते की. पण पासवर्ड कुनी बदलायचा न्हाई."

आमचाही आता जन्मभर तोच राहणार. तुमच्या भिंतीवर आईच्या हातचं असं काय आहे, ज्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही?