संगमरवरी स्वागत

कांदिवलीच्या आमच्या सोसायटीने दारातला रॅम्प फोडून संगमरवरी पायऱ्या बांधल्या आणि वर 'सर्वांचे स्वागत' अशी पाटी लावली. उद्घाटनाला अध्यक्ष सर्वसमावेशकतेवर बोलत होते, तेवढ्यात माझ्या शेजारचा फ्लॅट भाड्याने बघायला एक बाई व्हीलचेअरवरच्या आईला घेऊन आल्या.

"आईला वर कसं न्यायचं?"

"वॉचमन उचलतील ना!" अध्यक्ष म्हणाले.

"मी काय कपाट आहे? चल गं, दुसरीकडे बघू," आई फटकन म्हणाली.

"थांबा, फळी टाकतो!" मला राहवेना. मंडपवाल्याची फळी ओढत आणली, तोवर त्यांची रिक्षा वळली होती.

"बरं झालं आणलीत," अध्यक्ष म्हणाले. "फोटोत मागची रांग हिच्यावर उभी करू."