सातशे कैदी आणि अर्धा गुण

सनावळीबाईंच्या तासाची सुरुवात गेली अठ्ठावीस वर्षं एकाच वाक्याने होत आली होती. वर्गात पाऊल, टेबलावर पर्स, पर्सवर छत्री आणि "वह्या उघडा." नमस्कार-चमत्काराची भानगड नाही. त्यांचं खरं नाव शाळेच्या दप्तरात होतं तेवढंच. जगाच्या पाठीवर कुठेही कोणी कोणाविरुद्ध उठाव केला असेल, तर त्याचा दिवस, महिना आणि सन बाईंच्या जिभेवर असे, म्हणून त्या सनावळीबाई. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र नवऱ्याने आदल्या दिवशी आठवण करून द्यावी लागे.

बाईंची दुसरी ख्याती अर्ध्या गुणाची. तारीख चुकली, अर्धा कापला. आकडा चुकला, अर्धा कापला. राजा बरोबर पण क्रमांक चुकला, म्हणजे सोळाव्याचं डोकं पंधराव्याच्या धडावरून उडवलं, तर तिथेही अर्धाच. "पूर्ण गुण कापायला मी काय राक्षसीण आहे?" असं त्या म्हणत. आणि एकदा कापलेला अर्धा गुण त्यांनी जन्मात कोणाला परत दिला नव्हता. एका मुलाची आई रडली होती, एकाचे मामा ओळखीचे निघाले होते, पण बाईंची लाल पेन्सिल म्हणजे दगडावरची रेघ.

नववीला बाई युरोपातल्या क्रांत्या शिकवत आणि त्याआधी त्या क्रांत्या ज्यांच्या डोक्यातून निघाल्या ते तत्त्ववेत्ते. शिकवत म्हणजे एका पिवळ्या वहीतून लिहून देत. वही मुळात पांढरी होती, वयोमानाने पिवळी झाली. "लिहा," बाई सांगत, "प्रत्येक गोष्टीबद्दल शंका घ्यावी. लिहिलं? पुढे. कोणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मानू नये, स्वतःच्या बुद्धीने विचार करावा. याच्याखाली रेघ मारा, हमखास येतं." आणि साठ पोरं माना खाली घालून, जिभा बाहेर काढून, बाई सांगतील तस्सं लिहून घेत. एका वर्षी एका पठ्ठ्याने पेपरातच लिहिलं होतं, "स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, हमखास येतं." बाईंनी अर्धा कापला. यात काही गंमत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. गंमत वाटायला माणूस थोडा लांब उभा असावा लागतो, आणि बाई तर वहीच्या अगदी आत राहत होत्या.

त्या वहीत एक खोटा आकडा होता, आणि तो खोटा आहे हे जगात फक्त बाईंना माहीत होतं.

त्याचं असं झालं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाई शिकवत शिकवत फ्रेंच राज्यक्रांतीतल्या बॅस्तियच्या किल्ल्यावर आल्या. तो तास त्यांनी घरी आरशासमोर चारदा घोकला होता. उपाशी लोक, जुलमी राजा, भलाथोरला तुरुंग, दगडी भिंती, चौदा जुलै, धडाधड तोफा, दार फुटलं! बाईंचा आवाज टिपेला पोहोचला, वर्ग श्वास रोखून बसला, आणि बाई म्हणाल्या, "आणि लोकांनी सात कैदी सोडवले!"

तिसऱ्या बाकावरचा एक किडकिडीत मुलगा म्हणाला, "सातांसाठी एवढा राडा?"

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गाचं गणित थांबलं. बाई हसू थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या, पण एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू होई. शेवटी दारात मुख्याध्यापक आले. तास संपल्यावर बाईंनी नकाशांच्या खोलीत जाऊन दक्षिण अमेरिकेला तोंड करून रडून घेतलं. मग डोळे पुसून ग्रंथालयातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं आणि ते सात जण कोण होते, लोक खरे कशासाठी आले होते, सगळं मुखोद्गत केलं. उद्या कोणीतरी विचारेल, मग सांगू एकेकाला! पण उद्या कोणी विचारलं नाही. परवाही नाही.

दुसऱ्या वर्षी दार फुटलं आणि बाईंच्या तोंडून निघालं, "सातशे." जीभ घसरली म्हणावं तर तसं नाही, घसरलेली जीभ माणूस सावरतो. वर्ग गप्प झाला. कोणीतरी हळूच "बाप रे" म्हणालं. ते "बाप रे" बाईंना इतकं गोड लागलं की घरी गेल्यावर त्यांनी वहीतल्या सातापुढे दोन शून्यं काढली. सात काय अन् सातशे काय, क्रांती तर झालीच ना, असं स्वतःला समजावलं. पुढची सत्तावीस वर्षं, वर्षाला साठ पोरं याप्रमाणे, त्या किल्ल्यातून सातशे कैदी बाहेर पडत राहिले.

आता बाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि नववीच्या वर्गात पणबाई आली होती.

पणबाई हे मुलांनीच ठेवलेलं नाव. शेवटच्या बाकावर बसणारी, हाताच्या बोटांना कायम तेलाचे डाग असलेली ही मुलगी दर पाच मिनिटांनी हात वर करून म्हणायची, "पण बाई..." बाई वरवर करवादायच्या, "तुझं 'पण' संपलं की मला उठव गं," आणि मनातून त्या पोरीवर खूश असायच्या. अर्थात हे तोंडाने सांगतील त्या सनावळीबाई कसल्या!

बॅस्तियच्या दिवशी हात वर झालाच. "पण बाई, सातशे कैदी म्हणजे सातशे कुलपं ना?"

"असतील. मग?"

"एका संध्याकाळी कशी तुटतील? माझ्या बाबांना एक धड कुलूप तोडायला अर्धा तास लागतो. आणि ते धंद्यातले आहेत."

अठ्ठावीस वर्षांत हा हिशोब कोणी केला नव्हता. "माणसं पुष्कळ होती," त्या म्हणाल्या. "लिहा पुढे."

सहामाही परीक्षेत पणबाईने लिहिलं, "सात कैदी." बाई घरी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होत्या, हात सवयीने चालत होता, त्याने अर्धा कापला आणि पान उलटलं. मग बाईंनी पान परत मागे केलं. सात. त्यांनी पेपर दिव्याजवळ धरला. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही, अक्षर लागत नाही." अक्षर मोत्यासारखं होतं.

पेपर वाटले तेव्हा पणबाई उभी राहिली. "पण बाई, सातच होते."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"तुझे बाबा इतिहासाचे मास्तर आहेत?"

"नाही. कुलपं दुरुस्त करतात." वर्ग फिस्सकन हसला. बाईंनी हे सगळं आधी एकदा पाहिलं होतं, फक्त त्या वेळी हसू त्यांच्या अंगावर आलं होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर हसू थांबलं असतं. त्या म्हणाल्या, "बस खाली. वह्या उघडा."

दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावरचा हात वर होईनासा झाला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पणबाई मान खाली घालून बाकीच्यांसारखंच लिहून घेऊ लागली, जीभसुद्धा बाहेर काढून. खाई त्याला खवखवे. बाईंना घास गोड लागेना. "काही शंका?" असं त्या तासात तीन-तीनदा विचारू लागल्या, आणि मुलं बिचारी तेही लिहून घेऊ लागली.

अशात शिक्षकांच्या खोलीतल्या बाईंच्या कपाटाची किल्ली कुलपातच तुटली. आत पिवळी वही. शिपायाने कुलूपवाल्याला बोलावून आणलं. हा चाळिशीचा, टकलाकडे झुकलेला गृहस्थ हातातली पिशवी खाली ठेवून अवघडून उभा राहिला. "बाई, ओळखलंत? तुमची पहिली बॅच. तिसरा बाक."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. किडकिडीतपणा गेला होता, पण तोंड तेच.

"तुमचा तास मी बिघडवला होता," तो कुलपात बारीक तार घालत म्हणाला. "तोंडातून निघून गेलं बघा, सातांसाठी एवढा राडा म्हणून. तुम्ही नंतर रडलात असं शिपाईमामा म्हणाले. तेव्हापासून माफी मागायची राहिली होती."

"अरे, पोरवय ते."

"खरं सांगू का, अख्ख्या शाळेतलं मला तेवढंच आठवतं. सात कैदी. आणि राजाला कुलपं बनवायचा नाद होता, हे. म्हटलं, आपल्याच धंद्यातला माणूस, उगाच राजा झाला." तो हसला आणि मग त्याचा चेहरा पडला. "पण बहुतेक मीच चुकीचं ऐकलं असेन, बाई. पोरीला मी सात सांगितलं. तिचा गुण गेला, त्याचं काही नाही, पण वर्गात हसले तिला. आता घरी काही सांगायला गेलो की म्हणते, बाबा, तुम्ही राहू द्या, तुम्हाला नीट आठवत नाही. सातशेच असतील ना? तुम्ही एकदा हो म्हणा, म्हणजे मी तिला सांगून टाकतो, बाबांचं चुकलं म्हणून."

बाईंना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हा हसला, म्हणून त्या खोटं बोलल्या होत्या; आणि आज हाच त्यांचं खोटं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघाला होता, वर त्यांचीच परवानगी मागत होता.

खट्ट झालं. कपाट उघडलं. "घ्या बाई," तो म्हणाला. "आत काही मोडलं नाही."

"तू थांब जरा," बाई म्हणाल्या. "नववीवर माझा तास आहे. दाराबाहेर उभा राहा, पण जाऊ नकोस."

बाई वर्गात आल्या. टेबलावर पर्स, पर्सवर छत्री. बाईंनी सांगायच्या आतच मुलांनी वह्या उघडल्या. बाईंच्या पाचावर धारण बसली होती. पहिल्या दिवशी बसली नव्हती एवढी.

"बॅस्तियमध्ये सात कैदी होते," त्या म्हणाल्या. "सातशे नाहीत. सात. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी खोटं सांगितलं."

बाई हसू यायची वाट बघत उभ्या राहिल्या. हसू आलं नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा लिहीत होता, "मी खोटं सांगितलं," आणि रेघ मारावी का म्हणून बाईंकडे बघत होता. मग मधूनच कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. "म्हणजे आमचा अर्धा गुण जाणार?"

आणि वर्ग पेटला. "पणबाईला द्या, पण आमचा का कापायचा?" "आम्ही तुम्ही सांगितलं तेच लिहिलं!" "चूक तुमची आणि शिक्षा आम्हाला?" "मग समता कुठे गेली? तुम्हीच दोन गुणांना शिकवलीत!" एक मुलगी चक्क बाकावर उभी राहिली. शेजारच्या वर्गाचं गणित पुन्हा एकदा थांबलं. बाईंनी अठ्ठावीस वर्षं क्रांती शिकवली होती, समोर होताना आजच पाहत होत्या. आणि कोणीही, अगदी पहिल्या बाकावरचासुद्धा, काही लिहून घेत नव्हतं.

"गप्प!" त्या शेवटी ओरडल्या. "कोणाचा कापणार नाही. हिचा परत देणार. आणि हिच्या बाबांना बरोबर आठवत होतं. त्यांनी ते माझ्याकडूनच ऐकलं होतं, मी खरं बोलत होते तेव्हा."

दाराबाहेर कोणाचीतरी पिशवी खाली पडली आणि किल्ल्या खळाळल्या. पणबाईने तिकडे पाहिलं. बापाचं अर्धं डोकं दाराच्या चौकटीत दिसत होतं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग नीट झाला. बाईंनी तिचा पेपर काढून लाल पेन्सिलीने अर्धा वाढवला. हात आधी सवयीने कापायलाच निघाला होता. या हाताला ती दिशाच माहीत नव्हती.

वर्ग शांत झाला. बाईंनी पिवळी वही उघडली, पुढचा परिच्छेद शोधू लागल्या. आता सांगून झालं, आता संपलं, असं त्या स्वतःशी म्हणत होत्या, पण डोळे शेवटच्या बाकाकडे जात होते. तिथे दोन्ही हात अजून बाकावरच होते.

मग एक हात हलला. आधी कोपरापर्यंत, मग तेलाच्या डागांसकट पूर्ण वर.

"पण बाई... ते सात होते कोण?"

बाईंनी वही मिटली. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. अठ्ठावीस वर्षं हे उत्तर त्यांनी तोंडपाठ ठेवलं होतं, आणि आज कुठे कोणी विचारत होतं.

"चौघे खोट्या हुंड्या करणारे," त्या म्हणाल्या, "दोघे वेडे, आणि एक सरदार, त्याला घरच्यांनीच कोंडून ठेवलं होतं. आणि लोक मुळात त्यांच्यासाठी आलेच नव्हते. ते आले होते बंदुकीची दारू न्यायला. वह्या मिटा. सांगते." आणि दाराकडे वळून म्हणाल्या, "तूही ये रे आत. तिसरा बाक रिकामा आहे."