रजिस्टरात दोघं

वेंडल लाबाउंटीच्या दोन खोडींचा मला भयंकर राग यायचा. एक म्हणजे, माझ्याकडे आला की जाळीचं दार उघडं धरून उभा राहायचा, मागून त्याची कुत्री पर्ल डुलत डुलत आत येईपर्यंत. तेवढ्यात रानातल्या सगळ्या चावऱ्या माश्या माझ्या स्वयंपाकघरात! दुसरी खोड रजिस्टरातली.

आमच्या डोंगरात पायवाट सुरू होते तिथे एक लाकडी पेटी असते, पेटीत रजिस्टर. नाव लिहायचं, किती माणसं, कुठे चाललात, परत कधी. परत आलात की पुढे खूण करायची. कुणी वेळेवर आलं नाही तर शोध त्याच पानावरून सुरू होतो. वेंडल लिहायचा, ‘वेंडल आणि पर्ल लाबाउंटी. माणसं: दोन.’

“अरे, कुत्र्याला माणसांत धरत नाहीत,” मी कितीदा बजावलं असेल.

“तंबूत निम्म्याहून जास्त जागा तीच अडवते, मर्ना. घोरतेसुद्धा. मग कशात धरू?”

सहा वर्षांपूर्वी त्याची बायको आर्डिथ गेली, तो कामाला होता तो कागद कारखाना त्याच्या आधीच बंद पडला होता. तेव्हापासून उन्हाळा लागला की हा निघालाच. सत्तरी ओलांडलेला माणूस, पाठीवर तंबू. पुढे पर्ल, तिच्या पाठीवर लाल खोगीर, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत तिचं तिचं खाणं. ओढ्याच्या कडेकडेने चार चार दिवस चालायचे. घरात बसलं की आर्डिथची खुर्ची दिसते, असं एकदा म्हणाला होता. एकदाच.

गेल्या ऑगस्टमध्ये गुरुवारी परत यायचा तो आला नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही शोधायला निघालो. गावच्या अग्निशमन पथकात मी तीस वर्षं बिनपगारी राबतेय, रानातला शोधही आमच्याच पथकाकडे असतो, त्यामुळे मी होतेच. दुपारी तो ओढ्याकाठी सापडला, घोटा मोडून झाडाला टेकून बसलेला. पर्लचा पत्ता नव्हता.

जंगलखात्याची रेंजर नवीन होती, तरुण पोरगी. हातात रजिस्टराचं पान. “मिस्टर लाबाउंटी, तुमच्याबरोबरच्या बाई कुठायत?”

वेंडलने माझ्याकडे पाहिलं. शाळेपासून ओळखते मी त्याला, पण इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. “काल संध्याकाळी ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली,” तो म्हणाला. “हाका मारून मारून घसा बसला माझा. तिची कंबर धड नाही हो. शोधा तिला.”

रेंजर माझ्याकडे वळली. “तुम्ही ओळखता त्यांना? अंगावर काय होतं?”

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण जीभच रेटेना. कुत्रीसाठी कोण थांबणार? सगळे आवराआवर करून घरी गेले असते. “लाल,” मी म्हणाले. “दोन्ही बाजूंना पिशव्या.”

“वय?”

“म्हातारीच आहे. ऐकूही कमी येतं.”

एक शब्द खोटा नव्हता, तरी लाजेने माझे कान तापले. सहा जणांनी वेंडलला स्ट्रेचरवरून खाली नेलं. उरलेली बावीस माणसं झुडपांतून, गुडघाभर पाण्यातून “पर्ल! पर्ल!” ओरडत फिरली. दोघं शेवाळावरून आपटले. मीही त्यांच्याबरोबर ओरडत होते.

चारच्या सुमाराला बीव्हर प्राण्यांनी फांद्या रचून ओढ्यावर घातलेल्या बांधाकडून कुणीतरी ओरडलं, “लाल दिसतंय!” मग जरा वेळाने, “अहो, ही तर कुत्री आहे!”

पोटापर्यंत चिखलात रुतली होती, पण शेपटी हलवत होती. मी तिथेच सगळ्यांदेखत रडले.

रेंजर संतापली होती. “बावीस माणसं! आणि तुम्हाला माहीत होतं.”

“होतं,” मी म्हणाले. “खरं सांगितलं असतं तर कुत्रीसाठी आला असतात?”

“आलो असतो,” ती म्हणाली. “सांगून तरी बघायचं.”

दवाखान्यात वेंडलला हे सांगितलं. “कुणाकडे काही मागता येतं, हेच विसरलो होतो,” तो म्हणाला.

पर्ल जानेवारीत गेली, म्हातारपणानेच.

या जुलैत वाटेच्या तोंडाशी त्याची गाडी दिसली. मी उतरून पेटी उघडली. ‘वेंडल लाबाउंटी. माणसं: एक.’ परत कधी, तो रकाना कोरा. म्हणजे परत यायचा विचारच नाही की काय याचा? मग असा राग आला! त्या कोऱ्या रकान्यात मीच लिहिलं: ‘रविवारी पाच वाजता मर्नाकडे जेवायला. आला नाहीस तर बावीस माणसं घेऊन येते.’ पण परत येऊन खूण करायला थांबला, तरच तो ते वाचणार होता.

रविवारी ओव्हनमध्ये मांस-बटाटे ठेवले. पाच वाजले. साडेपाच झाले. मी बूट चढवून फोनशेजारी बसले. पावणेसहाला पायऱ्यांवर जड पावलं वाजली.

“अक्षर काय घाणेरडं आहे तुझं,” वेंडल म्हणाला. आत आला, आणि जाळीचं दार हाताने धरून, मान मागे वळवून उभा राहिला.

तसाच उभा राहिला बराच वेळ. माश्या आत येत होत्या. मी येऊ दिल्या.