कोपराची खूण

चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काचा घासणाऱ्या बाईने "मला दिसलं नाही" असं म्हणू नये. म्हटलंच, तर निदान घरच्या माणसाला म्हणू नये. धाकटीने ते म्हटलं, आणि तेही वहिनीला, जिच्या मागच्या चाकाला चिकटून ती अख्खा हिवाळा शर्यतीची सायकल शिकली होती.

वहिनी शाळेत गणित शिकवायची. वय पन्नास, गुडघा त्याहून म्हातारा. बायकांच्या हौशी शर्यतीत ती ओळीने पाच वर्षं दुसरी आली होती. एवढं सातत्य आपल्या एकाही विद्यार्थ्याला जमलं नाही, असं ती स्वतःच सांगे. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा मोसम शेवटचा. त्यातही मोसमातली पहिली शर्यत तेवढी सपाट रस्त्यावरची. पुढच्या सगळ्या चढाच्या, म्हणजे गुडघ्याच्या दृष्टीने नसल्यासारख्याच.

"वन्सं, मागे या. वारा मी घेते अंगावर," वहिनी रोज सकाळी म्हणायची. 'वन्सं' हे निव्वळ चिडवण्यासाठी. एरवी त्या घरात हा शब्द कुणी वापरत नसे. "शर्यतीत दमले की कोपर हलवीन. मग तुम्ही पुढे यायचं."

"आणि शेवटी?"

"शेवटी मी सुटणार. तुम्ही बघत राहायचं."

"कबूल. तुम्ही पहिल्या, मी दुसरी. दुसरं यायचं कसं ते शिकवा म्हणजे झालं."

"त्यात शिकवण्यासारखं काही नाही. जिंकतोय असं वाटलं की ते आपोआप होतं."

शर्यतीच्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती आणि वारा समोरून. चौदा बायकांतून या दोघी पुढे निसटल्या. वहिनी पुढे, धाकटी आडोशाला. चार किलोमीटर उरले तेव्हा वहिनीचं कोपर हललं. धाकटीने साखळीकडे बघितलं. कोपर पुन्हा हललं. तिसऱ्यांदा तर अख्खा हात हलला, आणि बाहीची उसवलेली शिवण, तिच्यातून लोंबणारा पांढरा दोरा, सगळं धाकटीला स्वच्छ दिसलं. कशातही पहिली न आलेली बाई होती धाकटी. शिकायला दादा गेला, दुकानात ती लागली. तक्रार नव्हती, सवय होती. मग दूरवर शेवटची रेघ दिसली. पाय ताजे होते. ते कुणाच्या जिवावर ताजे, हा प्रश्न पायांना पडत नाही. ती बाजूने निघून गेली.

मागून आलेल्या दोघींनी वहिनीला गाठलं. ती चौथी आली. हक्काचा दुसरा नंबरही गेला.

पहिलं बक्षीस सायकलीत हवा भरायचा हातपंप होता. तो काखेत धरून धाकटी उभी राहिली.

"कोपर हलवलं होतं मी," वहिनी धापा टाकत म्हणाली.

"दिसलं नाही हो, वहिनी."

वहिनीने तिच्याकडे नीट बघितलं. "जवळचं की लांबचं?"

एवढंच. घरात आदळआपट नाही, अबोला नाही. तसं काही झालं असतं तर भांडून तरी मोकळं होता आलं असतं. वहिनीने सायकल माळ्यावर टाकली आणि 'वन्सं' बंद केलं. "तुमचं जेवण झाकून ठेवलंय, ताई," असं ती म्हणू लागली. दादाला यात काहीच वावगं वाटलं नाही. त्याच्या मते घरात वळण येत होतं. धाकटी सकाळी एकटीच रस्त्यावर जाऊ लागली. वारा एवढा असतो, हे तिला अडतिसाव्या वर्षी कळलं. पंप तिने एकदाही वापरला नाही. चाकात हवा भरायला ती कोपऱ्यावरच्या दुकानात जायची.

वर्ष गेलं. पुन्हा मोसमातली पहिली शर्यत. या वेळी वहिनी नोंदणीच्या टेबलाशी होती, बायकांच्या पाठीवर नंबरांची फडकी लावत. रांग सरकत धाकटी तिच्यापुढे आली आणि पाठ करून उभी राहिली. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच जमलं.

"दिसलं होतं मला," ती समोरच्या रिकाम्या रस्त्याला म्हणाली. "तिन्ही वेळा."

पाठीवरची बोटं थांबली. तीन पिना लागल्या होत्या, चौथी राहिली होती.

"हलू नका," वहिनी म्हणाली. "टोचेल."