आत्याचे उत्तर : कदाचित

मधल्या सुट्टीत, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असताना, माझ्या धाकट्या भावाचा मेसेज आला. त्यात शब्द एकही नव्हता. फक्त एक लिंक होती. ती उघडताच पडद्यावर गुलाबी पाळणा हलू लागला, सनई वाजली आणि भाचीच्या बारशाची वेळ, हॉलचा पत्ता, वाहनतळाचा नकाशा असे एकेक क्रमाने उलगडत गेले. शेवटी प्रश्न होता : आपण येणार आहात का? त्याखाली तीन चौकटी होत्या. हो. नाही. कदाचित.

येथे थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. आमच्याकडे बारशात बाळाचे नाव ठेवते ती आत्या. पाळण्यावर वाकून ती बाळाच्या कानात 'कुर्र' करते, नाव सांगते, आणि तेवढ्यात मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तोवर ते नाव आईवडील आणि आत्या यांच्यापुरतेच असते. मी या मुलीची एकुलती सख्खी आत्या. भाऊ माझ्याहून बराच लहान. त्याचे पाढे मी पाठ करून घेतले होते. लग्नानंतर कितीतरी वर्षे त्याच्या घरी पाळणा हलला नव्हता. ते नाव कानात सांगण्याची वाट मी त्याच्याइतकीच पाहिली होती.

अशा बहिणीला निमंत्रण द्यायचे नसते. ती यजमानांतच मोजली जाते. त्यामुळे लिंक पाहून मला कुठेतरी लागले. परंतु नव्या सेवांच्या बाबतीत मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे : कुरकुर करायची नाही, आधी नीट वाचायचे, मग वापरायचे. हजेरीचे अ‍ॅप, गृहपाठाचे अ‍ॅप, सोसायटीच्या फाटकाचे अ‍ॅप. एक अंगवळणी पडते न पडते तोच दुसरे येते. मागे पडण्याची धास्ती मला कायम असते आणि नीटनेटकेपणाने मी ती झाकून ठेवते. म्हणून विद्यार्थ्यांना जे सांगते तेच मी केले. प्रश्न दोनदा वाचला. बारसे रविवारी होते. त्याच दिवशी आमच्या शाळेत एका परीक्षेचे केंद्र होते आणि पर्यवेक्षणाला कोणी थांबायचे याचा आदेश अजून निघायचा होता. खात्री नसताना 'हो' लिहिणे मला खोटेपणाचे वाटले. मी 'कदाचित' निवडले आणि लाल पेन पुन्हा हातात घेतले.

संध्याकाळी भावाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर जवळच्याच गव्हाण गावचे. फोनमधले काही अडले की स्टाफरूममध्ये सगळे त्यांच्याकडेच जातात. ते पान मी त्यांना दाखवले, भावाला माझे उत्तर पोहोचले की नाही एवढेच पाहायला. सरांनी बोटाने पान खाली सरकवले. मी तिथवर गेलेच नव्हते.

"बाई, हे सगळ्यांना दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तुमचं कदाचित."

खाली सगळ्या निमंत्रितांचे फोटो ओळीने होते आणि प्रत्येकाशेजारी त्याचे उत्तर. भावजयीचे मावसभाऊ : हो. भावाच्या ऑफिसातले कोणीतरी : हो. आमची चुलत बहीण : हो, आणि पुढे बदामांची रांग. मध्येच माझा फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, गंभीर चेहऱ्याचा.

"भावाच्या घरी जायला बाई विचार करून सांगणार," सर हसू दाबत म्हणाले. मग मुद्दाम गावच्या बोलीत : "आमच्यात आत्या नाय तर पालना हालत नाय."

"सर, हे बदलायचं कसं ते सांगा."

बदलता येत नव्हते. 'उत्तर एकदाच नोंदवता येते. बदलासाठी आयोजकांशी संपर्क साधा,' असे तिथे लिहिले होते. आयोजक म्हणजे माझा भाऊ.

त्या आठवड्यात मी काय शिकवले ते मला आठवत नाही. कार्यक्रमपत्रिकेचे एक नवे पान त्या साइटवर आले होते. औक्षण, पाळणा, भोजन, प्रत्येकापुढे कोणी ना कोणी होते. 'नामकरण' या शब्दापुढची जागा मात्र रिकामी. ते पान मी तासांच्या मध्ये उघडत असे, भाजी घेताना उघडत असे. भावाला मेसेज लिहायला घेतला की प्रत्येक वाक्य एक तर तक्रार वाटे, नाही तर खुलासा. मग मी ते पुसून टाकी. एकदा त्याच्या नावाखाली 'टाइप करत आहे' अशी अक्षरे उमटली. अक्षरे गेली, काहीच आले नाही. मला वाटते, तो आणि मी एकाच वेळी पुसत होतो. त्या रिकाम्या जागेत चुलत बहिणीचे नाव येणार, हे मी मनाशी धरून चालले होते. तीही नात्याने आत्याच, आणि तिचे उत्तर स्पष्ट होते.

शुक्रवारी सकाळी मी मुख्याध्यापकांना रविवारच्या कामातून वगळण्याची विनंती केली. "बघू," ते म्हणाले. संध्याकाळी शाळा सुटल्यावर घरी न जाता मी पनवेल स्टँडवर आले आणि उलव्याची बस पकडली. भावाचे घर तिकडच्या एका नव्या इमारतीत आहे.

दार भावजयीने उघडले. बाळ तिच्या खांद्यावर झोपले होते. "या, ताई," ती म्हणाली आणि बाजूला झाली. पण नेहमीसारखी हसली नाही. भाऊ आतून आला.

"आलीस का? की कदाचित आलीस?"

मी चप्पल काढत होते. ती काढायला मला उगाचच वेळ लागला.

"मला लिंक पाठवलीस," मी म्हटले. "परक्यासारखी."

"मी कुठे पाठवली? त्या साइटने पाठवली. फोनमधले सगळे नंबर निवडले आणि बटण दाबलं. त्यात गॅसवाला पण आहे. तो हो म्हणालाय."

"मग फोन करून विचारायचं होतंस."

"काय विचारू? ताई, माझ्या मुलीच्या बारशाला येतेस का? असं कोणी आत्याला विचारतं?"

माझीही तक्रार नेमकी हीच होती. मी त्याला परीक्षेचे सांगितले, आदेशाचे सांगितले. तो ऐकून घेत होता, पण पाढे चुकल्यावर जसा खिडकीबाहेर पाहायचा तसाच पाहत होता.

"चुलत ताई रोज विचारतात," भावजय हळूच म्हणाली. "'ताईंचं नक्की नसेल तर मी आहे,' म्हणतात. मी म्हटलं, असू दे जागा रिकामी."

"आदेश आला का?" भावाने विचारले.

"नाही अजून. सकाळी सुट्टी मागून आले. ते बघू म्हणाले."

"म्हणजे परत कदाचितच."

"नाही. ते बघोत काय बघायचं ते. मी येणार."

हे वाक्य मी खात्रीशिवाय उच्चारले. भावजयीने बाळाला माझ्या मांडीवर दिले. त्या इवल्याशा कानाकडे मी पाहत राहिले.

"नाव काय ठरलंय?" मी विचारले. सवयीने पर्समधले पेन हातात आले होते.

"लिहायचं नाही," भाऊ म्हणाला. "आम्ही ते कुठेही टाइपसुद्धा केलेलं नाही. केलं की उद्यापासून फोनवर त्या नावाची झबली विकायला येतील." मग तो शेजारी बसला, वाकला आणि माझ्या कानात नाव सांगितले. भावजयीने मागून माझ्या पाठीत हलकासा धपाटा घातला. आता मात्र ती हसत होती.

परतीच्या बसमध्ये मी ते पान पुन्हा उघडले. 'नामकरण' या शब्दापुढे 'ताई' असे आले होते. खाली माझ्या फोटोशेजारी 'कदाचित' तसेच होते. ते कसे काढायचे हे भावालाही सापडले नव्हते. मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवत आले. हे नाव लिहायचे नव्हते, आणि ते विसरेन की काय या भीतीने पनवेल येईपर्यंत मी ओठ न हलवता तेवढेच म्हणत राहिले.